रक्त पिणारा परवडला, झोंबी नको

मागच्या दोन गप्पा शेळ्यांच्या लसीवर आणि रेशनकार्डावर झाल्या. आज आम्ही भुताच्या सिनेमांवर बोलणार म्हटल्यावर आमच्याच घरच्यांनी कपाळाला हात लावला. पण विषय आमच्या बचत गटातूनच निघालाय, आणि गेले पंधरा दिवस तो काही डोक्यातून जात नाही. म्हटलं, तुमच्यापुढेच मांडावा.

झालं असं. आवणी उरकली होती. गटाची महिन्याची बैठक समाजमंदिरात बसली, हप्ते जमा झाले, वही मिटली, आणि पावसानं असा जोर धरला की उंबऱ्याबाहेर पाय टाकता येईना. पानशेतच्या खोऱ्यातला श्रावण कसा असतो ते तुम्हाला काय सांगायचं! गटातल्या एकीची लेक पुण्याला कॉलेजात शिकते, ती आली होती. तिच्याजवळ लॅपटॉप. ती म्हणाली, "बसलाच आहात तर पिक्चर बघा." तिनं ड्रॅक्युला लावला, १९३१ सालचा, काळा-पांढरा. इंग्रजी कुणालाच कळत नव्हतं, म्हणून ती मध्येमध्ये थांबवून सांगायची. एक मोठा जमीनदार आहे, तो मेलेला आहे पण मेलेला नाही, दिवसा पेटीत झोपतो आणि रात्री उठून माणसांचं रक्त पितो.

आम्ही घाबरणार म्हणून पोरगी आमच्या तोंडाकडे बघत होती. आणि इकडे सगळ्या खो-खो हसतायत. काळा कोट, पाठीवर झूल, तेल लावून चापून बसवलेले केस. आमची एक मावशी म्हणाली, "अगं, हा तर लग्नातला बँडवाला!" लसणाचा वास त्याला सोसत नाही असं कळल्यावर तर वाद मिटलाच. आमच्या घरात लसूण नाही असा एक दिवस जात नाही, तो बिचारा येणार कुठून?

पुढच्या शनिवारी पोरीनं दुसरा सिनेमा आणला, आपला मराठी, 'झोंबिवली'. आदित्य सरपोतदारांनी केलेला, २०२२च्या २६ जानेवारीला लागला होता. डोंबिवलीत गोष्ट घडते म्हणून नाव झोंबिवली. अमेय वाघ, ललित प्रभाकर, वैदेही परशुरामी. सिनेमा तसा हसवणारा आहे आणि आम्ही हसलोही. पण संपल्यावर कुणी जागची उठेना. एरवी मुतारीला एकटी जाणारी बाई म्हणाली, "कोण येतंय का गं सोबत?"

मग प्रश्न पडला. रक्त पिणारं भूत, म्हणजे इंग्रजीत ज्याला व्हॅम्पायर म्हणतात, ते तर हुशार, ताकदीचं, शेकडो वर्षं जगणारं. झोंबी मात्र बधिर, झिंगल्यासारखा चालणारा, अक्कल नसलेला. भीती तर पहिल्याची जास्त वाटायला हवी. मग उलटं का झालं? (झोंबी हा शब्द आपल्याकडे झटापट या अर्थानं आहेच. आनंद यादवांचं 'झोंबी' पुस्तक त्यांच्या शिक्षणाच्या झटापटीचं आहे, त्याला १९९०चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. हा सिनेमातला झोंबी वेगळा, तो लांबच्या देशातून आला. त्याची हकिगत पुढे सांगतो.)

पहिली गोष्ट आमच्या लक्षात आली ती ही, की रक्त पिणाऱ्याला नियम असतात. ब्रॅम स्टोकर नावाच्या आयरिश लेखकानं १८९७ साली 'ड्रॅक्युला' हे पुस्तक लिहिलं. त्यात हे सगळं दिलंय. घरातल्या कुणीतरी 'या' म्हटल्याशिवाय तो पहिल्यांदा घरात पाय ठेवू शकत नाही. आरशात त्याचं रूप दिसत नाही. वाहतं पाणी त्याला भरती-ओहोटीची वेळ धरूनच ओलांडता येतं. झोपायला त्याला आपल्याच गावची माती लागते, म्हणून परदेशी जाताना पेट्या भरभरून माती नेतो. हे ऐकून आमच्यातली एक म्हणाली, "गावाची ओढ आहे की त्याला, आमच्या मुंबईच्या दिरांपेक्षा बरा!"

आणि हे नियम ऐकून आम्हाला परकं असं काहीच वाटलं नाही, कारण आपली भुतंही अशीच वागतात. मुंजा पिंपळावर राहतो, पिंपळ सोडून तुमच्या चुलीपाशी येत नाही. चकवा रानात वाट चुकवतो, पण खाली बसून उजाडायची वाट बघितली की संपतं. हडळीचे पाय उलटे असतात, म्हणजे ओळखायला खूण आहे. आसरा पाण्यात असतात, त्यांची ओटी भरली की झालं. प्रत्येकाची जागा ठरलेली, वेळ ठरलेली, उतारा ठरलेला. कुठल्या तिठ्यावर काय ठेवायचं हेसुद्धा आपल्या आज्यांना पाठ होतं.

वेताळाचं तर विचारूच नका. रिचर्ड बर्टन नावाच्या इंग्रजानं १८७० साली वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेल्या, तेव्हा त्यानं वेताळाला व्हॅम्पायरच करून टाकलं. झाडाला उलटा लटकतो, प्रेतात शिरतो, म्हणून त्याला तसं वाटलं असेल. पण वेताळ रक्त पीत बसतो का? तो राजा विक्रमाच्या खांद्यावर बसून गोष्टी सांगतो आणि कोडी घालतो. आपल्याकडे तो गावाचा राखणदार, शेंदूर लावलेला दगड. पुण्यात त्याच्या नावाची टेकडी आहे, तिथं लोक सकाळी फिरायला जातात. कोण घाबरणार त्याला?

आता कुणी म्हणेल, रेडिओवरून भुतं खरी म्हणून सांगताय का? नाही. आम्ही गोष्टींबद्दल बोलतोय. भूत उतरवतो म्हणून बाईला बांधून मारणं हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, हे या रेडिओवरून आधीही सांगितलंय. आणि हडळीबद्दल बोलायचं तर आमच्या मनात नेहमी एकच येतं. बाळंतपणात बाई मेली तर ती हडळ होते म्हणायचे. म्हणजे पावसात, डोलीत घालून, ओढा ओलांडून दवाखान्यापर्यंत पोचली नाही म्हणून ती गेली, आणि वर भूतही तिलाच केलं. असो, तो वेगळा विषय आहे, त्यावर एक अख्खी गप्पा होईल.

दुसरं असं, की रक्त पिणारा बोलतो. त्याला काहीतरी हवं असतं. अंगात आलेल्या बाईला आपल्याकडे पहिला प्रश्न काय विचारतात? "तू कोण, आणि तुला काय पाहिजे?" उत्तर आलं की देणंघेणं सुरू होतं. अमुक दे म्हणजे सोडतो, तमुक वाराला नारळ फोड. बायकांचा सगळा जन्म असल्या देण्याघेण्यात जातो. सासूशी, तलाठ्याशी, बाजारात भाजीवालीशी. समोरच्याला काही हवं असलं की आपण त्यातून वाट काढतो. झोंबीला काय विचारणार? त्याला नाव नाही, आठवण नाही, राग नाही, लोभसुद्धा नाही. तो फक्त येतो.

याचा पुरावा आपल्या 'झपाटलेला'मध्ये आहे. महेश कोठारेंचा सिनेमा, १९९३चा. त्यातला तात्या विंचू खुनी, त्याचा आत्मा बाहुल्यात शिरतो. पण त्याला नाव आहे, मंत्र आहे, तोंडात दिलीप प्रभावळकरांचा आवाज आहे, तो शिव्या घालतो, चिडतो. तेव्हा पोरं घाबरली खरी, पण थोड्याच दिवसांत गल्लीगल्लीत तात्या विंचूच्या नकला सुरू झाल्या. बोलणाऱ्या भुताचं असंच होतं, त्याच्याशी ओळख होते. झोंबिवली करणाऱ्या याच सरपोतदारांनी २०२५च्या दिवाळीत 'थामा' नावाचा हिंदी सिनेमा केला. त्यात रक्त पिणारे वेताळ आहेत. म्हणजे एकाच माणसानं दोन्ही प्रकार केले. आणि वेताळाचा सिनेमा करायला घेतला तर तो झाला काय, प्रेमकहाणी! नायिका वेताळ, नायक तिच्यावर भाळलेला. झोंबीशी अशी प्रेमकहाणी जमवायची तर आधी त्याला माणसात आणायला लागेल.

तिसरं कारण आम्हाला सगळ्यात मोठं वाटतं. रक्त पिणारा आपल्या ओळखीचा आहे. आपण म्हणतोच ना, "रक्त प्यायलाय त्यानं माझं." कुणाबद्दल म्हणतो? सावकाराबद्दल, दारू पिऊन पैसे मागणाऱ्या नवऱ्याबद्दल, कर्जाच्या हप्त्यासाठी दारात ठाण मांडून बसणाऱ्या वसुलीवाल्याबद्दल. ड्रॅक्युलासुद्धा वाड्यात राहणारा, जमीनजुमल्याचा धनीच आहे. सिनेमा सुरूच होतो तो घराचे कागद घेऊन एक माणूस त्याच्या वाड्यावर जातो तिथून. मावशी लगेच म्हणाली, "कागदावर सही करू नको रे बाबा!"

आणि असल्या रक्त पिणाऱ्यांशी कसं लढायचं हे आपल्या पुणे जिल्ह्यानं दाखवलेलं आहे. १२ मे १८७५, सुप्याचा बाजार. आता ते सुपे बारामती तालुक्यात येतं. तिथं कर्जानं पिचलेले शेतकरी जमले आणि सावकारांच्या घरादुकानांवर चालून गेले. त्यांना हवी होती ती कर्जखतं आणि वह्या. त्या ओढून काढल्या आणि जाळल्या. मग पुणे आणि नगर जिल्ह्यांत गावोगाव तेच झालं. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे माणसांच्या जिवावर लोक फारसे उठले नाहीत, राग कागदावर होता. इंग्रज सरकारनं चौकशी बसवली आणि १८७९ साली शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. ड्रॅक्युलाच्या काळजात खुंटी ठोकतात, तशी सुप्याच्या लोकांनी बरोबर जीव होता तिथं, म्हणजे वहीत, काडी लावली. सांगायचं काय, तर रक्त पिणारा एकटा असतो आणि त्याच्याविरुद्ध गाव एक होतं. ड्रॅक्युलाच्या पुस्तकातही शेवटी चार-सहा जण एकत्र येऊनच त्याला संपवतात.

झोंबी मात्र गावच फोडतो.

कसं ते बघा. झोंबी चावला की चावलेला माणूस झोंबी होतो. रक्त पिणाराही कुणाकुणाला आपल्यासारखं करतो, पण निवडून, सवडीनं, एखाददुसऱ्याला. झोंबी निवड करत नाही. गटातल्या बायकांना चक्रवाढ व्याज कळतं, त्यामुळे हा हिशेब लगेच पटला. समजा एक झोंबी तासाला एकालाच चावला. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. दहा तासांत एक हजार चोवीस. वीस तासांत दहा लाखांच्या वर. रात्री सुरू झालं तर दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला अख्खं शहर गेलं. आणि ते सगळे कोण? दूधवाला, शाळेतल्या बाई, शेजारची जाऊ, आपला नवरा, आपलं पोर. चेहरा तोच, अंगावर कपडे तेच, फक्त डोळ्यात ओळख नाही. काटा येतो तो तिथं. परक्याचं भूत दाराबाहेर ठेवता येतं. आतल्याच माणसाला ताप आलाय, त्याचा डोळा फिरलाय, आणि तुम्ही त्याच्या कपाळावर ओल्या पाण्याची पट्टी ठेवताय. आता तुम्हीच सांगा, घरात आजाऱ्याजवळ पहिल्यांदा कोण जातं?

झोंबिवलीत हे पाण्यातून येतं. बाटलीबंद पाण्याच्या धंद्यातून बिघाड होतो, आधी झोपडपट्टीत माणसं बाधतात आणि मग शेजारच्या उंच इमारतींना धोका कळतो. आम्हाला ते फार लागलं, कारण पाणी म्हटलं की आपण आलोच. पानशेतचं पाणी पुणं पितं. आणि पुण्यातल्या जुन्या माणसांपुढे नुसतं 'पानशेत' म्हणा, त्यांना आपलं गाव आठवत नाही, १२ जुलै १९६१ आठवतो. त्या सकाळी धरण फुटलं, खाली खडकवासल्यालाही खिंडार पडलं आणि पाणी पुण्याच्या पेठांत शिरलं. आदल्या रात्रभर लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून धरण धरून ठेवलं म्हणून निदान उजाडेपर्यंत वेळ मिळाला, नाहीतर शहर झोपेत सापडलं असतं. पाण्याला नाव नसतं, ते कुणाला काही विचारत नाही, मिळेल त्या फटीतून वर चढतं. सिनेमात जिन्यावरून झोंबींची रांग वर येते ना, ते बघताना आमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजी पुटपुटल्या, "लोंढा आला." त्यांना पूर आठवला होता.

तरी पुरात एक बरं असतं. पुरात माणूस माणसाला हात देतो. साथीच्या रोगात तो हातच नकोसा होतो, आणि झोंबीचा सिनेमा हा खरं तर साथीचा सिनेमा आहे.

मघाशी सांगितलं, ड्रॅक्युलाचं पुस्तक १८९७ सालचं. मे महिन्यात लंडनला छापून आलं. त्याच वर्षी पुण्यात काय चाललं होतं? प्लेग. सरकारनं घराघरांत सोल्जर घुसवले, माणसं उचलून नेऊन वेगळ्या छावण्यांत ठेवली, आणि लोक आपला आजारी माणूस लपवायला लागले. आजाऱ्याला शिवायला सख्खे नातेवाईक तयार नव्हते. त्या काळात सावित्रीबाई फुले आणि त्यांचा मुलगा डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ माळावर दवाखाना चालवला. मुंढव्याचं एक पोर प्लेगनं आजारी होतं. सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. वय ६६. त्यांनाही लागण झाली आणि १० मार्च १८९७ला त्या गेल्या. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून पसरतो हे पॉल-लुई सिमाँ या डॉक्टरनं दाखवून दिलं ते पुढच्या वर्षी, १८९८ला. तोवर कुणालाच नीट ठाऊक नव्हतं की भीती नेमकी कशाची धरायची, म्हणून सगळे एकमेकांचीच धरत होते.

गंमत बघा, रक्त पिणाऱ्याचा जो सिनेमा खरोखर भीतिदायक मानतात, त्यातही प्लेगच आहे. 'नोस्फेराटू', १९२२चा, जर्मनीतला, मुका. ड्रॅक्युलाचीच गोष्ट, पण परवानगी न घेता केलेली. स्टोकरच्या विधवा बाईंनी खटला भरला आणि कोर्टानं सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितल्या. काही प्रती कुठंकुठं राहिल्या म्हणून आज बघायला मिळतो. त्यात ते भूत जहाजातून येतं, त्याच्या मातीच्या पेट्यांतून उंदीर निघतात, आणि गावात साथ पसरते. रस्त्यातून तिरड्यांसारख्या पेट्या एकामागून एक चाललेल्या. पोरीनं आम्हाला तेवढाच तुकडा दाखवला. त्या वेळी मात्र बँडवाला म्हणून कुणी हसलं नाही. उन्हानं रक्त पिणारं भूत मरतं, हेही याच सिनेमानं रूढ केलं. मूळ पुस्तकातला ड्रॅक्युला दिवसासुद्धा फिरतो, फक्त ताकद कमी असते.

आता झोंबीची मूळ हकिगत, कबूल केल्याप्रमाणे. अमेरिकेजवळ समुद्रात हैती म्हणून देश आहे. फ्रेंचांनी आफ्रिकेतून माणसं धरून आणून तिथं उसाच्या मळ्यांत राबवली. पुढे त्याच गुलामांनी बंड केलं आणि १८०४ साली देश स्वतंत्र केला. त्या लोकांच्या गोष्टींमध्ये झोंबी आहे, पण तो कुणाला चावत नाही. मेलेल्या माणसाला मांत्रिक थडग्यातून उठवतो आणि कामाला जुंपतो. न बोलता, न थकता, मजुरी न मागता तो ऊस तोडत राहतो. तिथल्या लोकांना भीती झोंबीची नव्हती, आपणच झोंबी होण्याची होती. मरण आलं तरी राबणं सुटू नये, याहून वाईट काय? ऊसतोडीच्या टोळ्या तुम्ही पाहिल्या आहेत, पहाटे तीनला थंडीत कोयता घेऊन फडात उतरणाऱ्या बायका पाहिल्या आहेत. जास्त काही सांगत नाही.

एका अमेरिकन प्रवाशाच्या १९२९ सालच्या पुस्तकात तिथली एक ऐकीव गोष्ट आहे, ती मात्र सांगायलाच हवी. एक मुकादम असे झोंबी मजूर घेऊन साखर कंपनीच्या फडावर जातो. त्यांची मजुरी तो खिशात घालतो. त्याची बायको त्यांना रांधून घालते. नियम एकच, अन्नात मीठ घालायचं नाही, कारण मीठ चाखलं की झोंबीला आपण कोण ते आठवतं. रोज अळणी. एकदा सणाच्या दिवशी मुकादम बाहेर गेलेला असतो. बायकोला त्यांची दया येते, ती त्यांना जत्रेला घेऊन जाते आणि गोड वड्या घेऊन देते. वडी गोड, म्हणजे भीती नाही असं तिला वाटतं. पण वडीतले पिस्ते आधी खारवलेले असतात. मीठ जिभेला लागतं, आणि सगळे एकदम ओरडतात, उठतात आणि आपापल्या गावच्या थडग्यांकडे चालू लागतात. आपण 'मिठाला जागणं' म्हणतो ते धन्याचं मीठ खाल्ल्यावर धन्याशी इमान राखणं. हे लोक मिठानं जागे झाले आणि धन्याला सोडून निघाले. गोष्ट ऐकल्यावर आमच्या समाजमंदिरात कितीतरी वेळ कुणी बोललं नाही. मग मावशी म्हणाली, "बाई दयाळू होती, पण चूक नसती झाली तर सुटले नसते."

चावणारा झोंबी सिनेमानं तयार केला. अमेरिकेत १९६८ साली जॉर्ज रोमेरोनं एक सिनेमा काढला, त्यात मेलेली माणसं उठून जिवंतांना खातात आणि घरात अडकलेली माणसं आपसांत भांडत बसतात. त्यानंतर झोंबी म्हणजे डोक्यात गोळी घालायची वस्तू होऊन बसला. हैतीच्या गोष्टीत ज्याची कीव यायची, त्याला मारलं की आता लोक टाळ्या वाजवतात. आम्हाला हे आवडलं नाही, हे स्पष्ट सांगतो. सिनेमा बघावा, आम्ही पुन्हा बघू. पण 'हा आता आपला राहिला नाही, हाणा' हे माणसाच्या तोंडात किती पटकन येतं, ते आम्ही सिनेमाच्या बाहेर पाहिलंय.

झोंबिवली निम्मा झाला असेल. इमारतीतले लोक गेट लावून घेतात, असा काहीसा प्रसंग चालू होता. आमच्या गटातल्या एक वहिनी मागं भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "असंच बघत होता तुम्ही माझ्याकडं."

कुणी काही बोललं नाही. सगळ्यांना कळलं होतं.

२०२०चा उन्हाळा. वहिनी पुण्यात घरकामाला जायच्या, तिथंच अडकल्या. काम बंद, भाडं चालू. मग पोराला घेऊन चालत निघाल्या, दोन दिवसांनी गावाच्या वेशीवर आल्या. वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या होत्या. गावानं त्यांना शाळेत ठेवलं, चौदा दिवस. तो सरकारी नियम होता, त्यात चूक नव्हती. पण पंधराव्या दिवशी त्या घरी आल्यावरही त्यांच्या विहिरीवरच्या वेळेला आम्ही बाजूला व्हायचो. त्यांना ताप नव्हता, खोकला नव्हता. गटाचा हप्ता द्यायला त्या आल्या तर आम्ही त्यांना नोटा कठड्यावर ठेवायला लावल्या आणि त्यावर औषध फवारून मग उचलल्या. वही लिहिणाऱ्या आमच्यातल्याच. फवारणाऱ्याही आमच्यातल्याच. असं दोन महिने चाललं. पुढे आजार गावात आला तो दुसऱ्याच वाटेनं आला, लग्नातून, आणि तेव्हा कुणी कुणाच्या नोटा फवारल्या नाहीत, कारण मग सगळेच त्यातले झाले होते.

त्या शनिवारी पहिल्यांदा त्या हे बोलल्या. पोरीनं सिनेमा थांबवला. वहिनी म्हणाल्या, "लाव गं, बघू दे पुढं काय होतंय." मग म्हणाल्या, शाळेत होते तेव्हा रोज संध्याकाळी खिडकीत कुणीतरी भाकरी आणि ठेचा ठेवून जायचं. कोण ते कधी दिसलं नाही. पायरव तेवढा यायचा, काठी टेकल्यासारखा. आम्ही सगळ्यांनी वळून आजींकडे पाहिलं. आजींना कमी ऐकू येतं. त्या पडद्याकडे बघत बसल्या होत्या.

सिनेमा संपला तेव्हा दहा वाजून गेले होते, पाऊस चालूच. वहिनींचं घर ओढ्यापलीकडे, सगळ्यात लांब. एरवी त्या एकट्याच जातात. त्या रात्री सगळ्याच उठल्या, दोन बॅटऱ्या आणि मोबाईलचे उजेड घेऊन निघालो. एकेकीचं घर आलं तरी आत कुणी जाईना, सगळ्या पुढंच. ओढ्यावर एकमेकींचे हात धरून साकवावरून गेलो. वहिनींना दारात सोडलं आणि मागं वळलो तर समोर काळोख, आणि आता परत कोण जाणार यावर भांडण. वहिनींनी दार उघडंच ठेवलं होतं. "या आत," त्या म्हणाल्या, "बोलावल्याशिवाय यायचं नसतं म्हणे, म्हणून बोलावते." चौघी तिथंच झोपल्या, बाकीच्या चहा पिऊन बाराच्या सुमाराला घरी गेल्या. पुढच्या बैठकीला कुठला सिनेमा लावायचा, ते अजून ठरलेलं नाही.